‘सिरोटाइप २’ म्हणजे घातकच? एक खुलासा

डुकरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जिवाणूचा ‘सिरोटाइप २’ हा उपप्रकार सापडला की तो घातकच, हा मुंबईतल्या वराहपालकांमध्ये वर्षानुवर्षे फिरणारा समज चुकीचा आहे. सिरोटाइप ठरतो तो केवळ जिवाणूच्या बाहेरील शर्करायुक्त आवरणावरून. त्याचे कूळ मात्र २००२ साली मांडलेल्या पद्धतीनुसार सात मूलभूत जनुकांचा क्रम वाचल्यावर समजते; या कुळाला ‘एसटी’ (सिक्वेन्स टाइप) आणि पुढे क्रमांक असे नाव देतात. याच सिरोटाइपमधला एसटी-२८ बहुधा सौम्य असतो, तर २००५ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात २००हून अधिक माणसांना बाधलेला एसटी-७ अत्यंत आक्रमक होता. अन्य सिरोटाइपही आजार घडवतात, त्यामुळे ‘सिरोटाइप २ नाही’ एवढ्या अहवालावर निर्धास्त होणे मला अधिक धोक्याचे वाटते. देवनारला मांस कापणाऱ्यांच्या बाबतीत तर विशेषच, कारण हा जिवाणू हातावरच्या उघड्या जखमेतून माणसात शिरतो.