आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो?

अनेकदा फिरत येणारा सल्ला असा: कमी प्रकाशात आयएसओ (कॅमेरा चित्र किती उजळवतो ते ठरवणारा आकडा) 100 वरच ठेवा, वाढवला की रंगीत दाणे येतात.

हे खरं वाटतं, कारण अनुभव तसाच येतो. ऑटोवर आयएसओ चढवला की कॅमेरा शटरचा वेळ (प्रकाश आत येत राहतो तो वेळ) कमी करतो, म्हणजे सेन्सरवर प्रकाशच कमी पडतो. दाणे येतात ते मुख्यतः या तुटपुंज्या प्रकाशामुळे. प्रकाश थेंबाथेंबाने, अनियमित पडतो. चौपट प्रकाश मिळाला तर चित्र दाण्यांच्या तुलनेत दुप्पट स्वच्छ होतं. पिवळ्या बल्बखाली निळा प्रकाश फार थोडा असतो, आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळवणी) साधताना तोच सर्वाधिक वाढवावा लागतो. निळसर डाग बरेचदा तिथूनच येतात.

पडताळून पाहा. कॅमेरा ट्रायपॉडवर, मोड मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). शटर आणि अ‍ॅपर्चर (भिंगातलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) अजिबात न बदलता एक फोटो आयएसओ 100 वर, दुसरा 1600 वर घ्या. पहिला संगणकावर चार स्टॉपनी (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणून एकूण सोळापट) उजळवा. पुष्कळ कॅमेऱ्यांत 100 चाच फोटो सावल्यांमध्ये जास्त दाणेदार निघतो!

म्हणून आधी अ‍ॅपर्चर मोठं करा, हात किंवा विषय हलणार नाही इतपत शटर लांबवा, आणि मग उरलेली उणीव आयएसओने निर्धास्त भरून काढा. दिवे, चमकत्या जागा पांढऱ्याफटक होत असतील तेवढं मात्र बघा. तिथे गेलेला रंग परत येत नाही. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला क्वचितच.