चाळीवरचा पत्रा आणि डोक्यावरचा सूर्य

सोलापुरात पहिली कापड गिरणी 1870च्या दशकात उभी राहिली. गाव तिला अजून ‘जुनी मिल’च म्हणतं. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू गिरण्या आल्या आणि कामगारांसाठी कंपनीच्या चाळीही. एक खोली, पुढे ओटा, सामाईक नळ. रचनेत सांगण्यासारखं एवढंच. खरी गोष्ट छपराची आहे.

सोलापूर 17.7 अंश उत्तरेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा भिंतींवर ऊन जेमतेम पडतं. सगळा मारा छपरावर. म्हणून इथल्या उन्हाळ्यात घर कसं आहे, ते छप्परच ठरवतं.

गावातल्या जुन्या वाड्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्यावर माळवद असे: तुळया, त्यांवर फळ्या, वर फूटभर पांढरी माती, मधोमध उजेडा-धुरासाठी सानं. माती उष्णता फार हळू पुढे सरकवते. गणित मांडलं, तर फूटभर थरातून दुपारची झळ खाली उतरायला दहा-अकरा तास लागतात. वाटेत तिचा जोरही इतका मोडतो, की छताच्या वरच्या अंगाला होणारी तापमानाची चढउतार आतल्या बाजूला जेमतेम विसावा हिस्सा उरते. झळ आत पोचते तेव्हा मध्यरात्र झालेली, दार उघडं आणि बाहेरची कोरडी हवा गार.

चाळीवर पत्रा असेल तर? मिलिमीटरभर लोखंड उष्णतेला काही सेकंदही अडवत नाही. तापलेला पत्रा खालच्या माणसावर सरळ उष्णता फेकत राहतो. पंख्याने हवा हलते, पण ही किरणं हलत नाहीत. मात्र हाच पत्रा रात्री उघड्या आभाळाकडे उष्णता सोडून झपाट्याने निवतो, कधी भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. दिवसपाळीवाल्याला पहाटेची झोप मिळे. हाल रात्रपाळीवाल्याचे! तो घरी टेके तेव्हा पत्रा तापायला लागलेला.

सूत तुटू नये म्हणून गिरणीच्या खात्यांत हवेचा ओलावा मोजूनमापून राखला जाई. म्हणजे हवेचं शास्त्र कंपन्यांना कळत होतं. ते सुतासाठी खर्ची पडलं, कामगाराच्या छपरावर नाही.

पत्रा काढणं न परवडणाऱ्यांना स्वस्त उपाय आहे, चुना. गंजका पत्रा बहुतेक ऊन पिऊन टाकतो, ताजा पांढरा चुना निम्म्याहून जास्त परत फिरवतो. दोन-तीन जोरदार पावसांत तो धुऊन जातो, पण तोवर मे सरलेला असतो.