अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन म्हणजे स्टिरॉइड नव्हे

"अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं घेऊ नका, स्टिरॉइड असतं त्यात" हा सल्ला पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत वर्षानुवर्षं फिरतोय. गोंधळ आहे तो दोन इंजेक्शनांचा. कमरेत टोचलेलं डेपो स्टिरॉइड, म्हणजे अंगात हळूहळू सुटत राहणारं स्टिरॉइड, शिंका काही आठवडे दाबून ठेवतं, बस्स. दुसरं इंजेक्शन इम्युनोथेरपीचं, म्हणजे त्रास देणाऱ्या गोष्टीची शरीराला हळूहळू सवय लावणारं; त्याच्या बाटलीत असतो तो धुळीतल्या माइट्स या सूक्ष्म किड्यांचा किंवा परागकणांचा अर्क, म्हणजे ज्याचा त्रास होतो तेच. लंडनमध्ये १९११ साली गवताच्या परागकणांपासून याची सुरुवात झाली.

आधी स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून हलकंसं टोचून पाहणं. त्याआधी साधारण आठवडाभर सेटिरिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद, नाहीतर गांध उठतच नाही आणि टेस्ट खोटी ठरते. मग दंडाच्या मागच्या बाजूला, त्वचेखाली, सर्वांत पातळ बाटलीतून ०.१ मिलीच्या आसपास. आठवड्याला थोडं थोडं चढवत ३ ते ६ महिने, पुढे महिन्यातून एकदा, एकूण ३ ते ५ वर्षं.

टोचल्यावर ३० मिनिटं दवाखान्यातच बसायचं. 'गाडी नो-पार्किंगला आहे' म्हणून सटकणारे पुष्कळ! अंगभर खाज, घसा आवळणं, धाप असं काही झालं तर ताबडतोब मांडीत अ‍ॅड्रेनलिन द्यावं लागतं. त्या दिवशी दमा बळावलेला असेल तर डोस नाही. बरेच आठवडे खंड पडला तर डॉक्टर डोस खाली आणतात. बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ अंश सेल्सिअसला. गोठली की टाकून द्यायची.

गाजर गवत लागून उठणाऱ्या चट्ट्यांवर मात्र हा नेहमीचा उपचार नव्हे.