हॉलिवूडच्या भव्य ॲक्शनपटांच्या 'ॲडल्ट' नकला : पार्श्वभूमी

गाजलेल्या पिक्चरच्या नावात एखादं अक्षर बदलून ॲडल्ट फिल्म काढायची आयडिया जुनीच आहे. १९७४ मध्ये एका जुन्या अंतराळवीर सिरियलची अशी नक्कल अमेरिकेत थिएटरला लागली होती, आणि तिचे स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्यांपैकी काही जण पुढे मोठ्या स्टुडिओंत जाऊन नावाजले. मग व्हिडिओ कॅसेट आली आणि सगळं स्वस्तात उरकायची सवय लागली, म्हणजे नाव तेवढं हॉलिवूडचं आणि आत एक सोफा आणि दोन दिवे.

खरा बदल २००५ चा. समुद्री चाच्यांवरचा हॉलिवूडपट जगभर धो धो चालला होता, दुसऱ्या भागाचं काम सुरू होतं, आणि तेवढ्यात तसाच लूक, तसंच म्युझिक, तलवारबाजी, कॉम्प्युटरवर केलेले सांगाडे वगैरे घेऊन एक ॲडल्ट फिल्म आली. बजेट दहा लाख डॉलरच्या वर असल्याचं ती काढणारी कंपनीच सांगत होती, त्यामुळे आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, पण पैसा पडद्यावर दिसत होता हे नाकारता येत नाही. काही शूटिंग फ्लोरिडात एका खऱ्या शिडाच्या जहाजावर झालं, तेही साधंसुधं नाही, १९६२ च्या एका मोठ्या हॉलिवूडपटासाठी मुद्दाम बांधलेलं. जहाजवाल्यांनी नंतर सांगितलं की आम्हाला तर फॅमिली पिक्चर म्हणून सांगितलं होतं! २००६ मध्ये उघडे सीन कापून केलेली सौम्य आवृत्तीही बाजारात आली, म्हणजे नुसती गोष्ट बघायलाही गिऱ्हाईक असेल असा भरवसा होता. हा सगळा खर्च परवडायचा तो डीव्हीडीच्या जिवावर, कारण जोडपी असा बॉक्स सेट विकत घ्यायची.

या ॲडल्ट फिल्मचा २००८ चा दुसरा भाग आणखी मोठा, ८० लाख डॉलर असं सांगितलं गेलं. आणि याच भागावरून अमेरिकेत कॉलेज कॅम्पसवर एक वाद झाला.

कंपनी ही फिल्म कॉलेजांना फुकट दाखवायला देत होती आणि काही कॅम्पसवर ती बिनबोभाट दाखवूनही झाली होती. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या सरकारी विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या थिएटरमध्ये रात्रीचा शो ठरला, त्याआधी सुरक्षित संबंधांवर माहितीचा कार्यक्रमही होता. नेमकं तेव्हाच राज्याचं बजेट चर्चेला होतं. राज्याच्या विधिमंडळातल्या एका सिनेटरने मुद्दा उचलला की असल्या फिल्म दाखवणाऱ्या विद्यापीठाचा सरकारी निधीच बंद करा. एका शोसाठी अख्ख्या विद्यापीठाचे पैसे! प्रशासनाने लगेच शो रद्द केला, आणि माझ्या मते हीच चूक झाली, कारण तोवर जो विषय करमणुकीचा होता तो एका रात्रीत अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा झाला. विद्यार्थ्यांनी एका लेक्चर हॉलमध्ये आधी त्यावर चर्चा ठेवली आणि मग फिल्मचा साधारण अर्धा तास दाखवला, बातमीदार हजर होतेच. मग विधिमंडळाने सांगितलं की विद्यापीठांनी याबद्दल धोरण ठरवावं, त्यावर महिनोन् महिने खल झाला, आणि शेवटी विद्यापीठांच्या संचालक मंडळाने असं धोरण करायचंच नाही असं ठरवलं. म्हणजे धमकी देणाऱ्याच्या हातात काहीच आलं नाही, कंपनीला मात्र पैशांनी मिळाली नसती एवढी पब्लिसिटी मिळाली.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं लाटच होती. सुपरहिरो, अंतराळयुद्ध, रोमन योद्धे, २०१० मध्ये तर निळ्या परग्रहवासीयांची थ्रीडी नक्कलसुद्धा. कव्हरवर 'पॅरडी' म्हणजे विडंबन हा शब्द ठळक छापायची पद्धत पक्की झाली ती याच काळात, आणि तो हसवण्यासाठी नव्हता, वकिलांसाठी होता. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका रॅप गाण्याच्या केसमध्ये म्हटलं होतं की विडंबन पैशासाठी केलं एवढ्यावरून ते बेकायदा ठरत नाही. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कोर्टाने अंतराळयुद्धाच्या ॲडल्ट कार्टून नकलेवर तातडीने बंदी घालायला नकार दिला. यातल्या बऱ्याच फिल्ममध्ये विडंबन शोधून सापडत नाही, निव्वळ हुबेहूब ड्रेस आणि सेट आहेत, पण कव्हरवरचा शब्द ढालीसारखा उपयोगी पडला. २०१२ मध्ये एका कंपनीने गाजलेल्या कामुक कादंबरीवरच्या फिल्मला विडंबन न म्हणता सरळ 'अडॅप्टेशन' म्हणजे रूपांतर म्हटलं, तेव्हा हॉलिवूडचा स्टुडिओ लगेच कोर्टात गेला आणि पुढच्या वर्षी तडजोडीत त्या कंपनीला ती फिल्म विकणं थांबवावं लागलं.

दुसरीकडे २००६-०७ पासून फुकट व्हिडिओ साइट आल्या होत्या, त्यांनी डीव्हीडीचा धंदा हळूहळू खाल्ला. सीन सुटे सुटे बघितले जायला लागल्यावर दोन तासांची गोष्ट, जहाज, सांगाडे यांवर पैसे घालणार कोण? चाच्यांच्या त्या ॲडल्ट फिल्मचा तिसरा भाग आलाच नाही.