नासलेले वनस्पतिजन्य दूध व त्याचे दही

सोयाबीन, शेंगदाणे, बदाम, ओट किंवा नारळ यांपासून काढलेले दूध थोडेसे जरी आंबले वा त्याला वास येऊ लागला, तरी ते विरजून दही लावणे सुरक्षित मानता येत नाही. गाई-म्हशीचे दूध तापवताना फाटले की त्याचे पनीर करण्याची आपल्या घरांतील सवय अन्न वाया जाऊ नये या चांगल्या भावनेतून आली आहे. मात्र ती वनस्पतिजन्य दुधाला लागू करणे धोक्याचे ठरते.

निरशा दुधात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू बहुधा असतातच आणि लॅक्टोज ही शर्करा आंबवून ते दूध आंबट करतात. वनस्पतिजन्य दुधात मुळात लॅक्टोज नसते. पाकीटबंद दूध अतिउच्च तापमानाला तापवलेले असल्यामुळे, पाकीट फोडल्यावर हवेतून, हातांतून किंवा भांड्यातून जे जंतू शिरतील तेच त्यात वाढतात, आणि ते कोणते हे आंबूस वासावरून ओळखता येत नाही. घरी काढलेल्या दुधाला बॅसिलस सीरियस या जिवाणूची भीती अधिक असते. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात सुप्त राहणारी रूपे, उकळल्यानंतरही जिवंत राहतात आणि दूध कोमट होऊन तसेच राहिले की रुजतात. त्याच्या काही प्रकारांचे उलट्या घडवणारे विष १२१ अंश सेल्सिअसला ९० मिनिटे तापवूनही टिकते; मग घरच्या उकळीने ते कसे जाणार?

विरजणातील जिवाणू वाईट जंतूंना नष्ट करतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. ताज्या दुधाला भरपूर विरजण लावून ते ४० ते ४५ अंशांच्या ऊबेत ठेवले, तर काही तासांत सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.६ च्या आसपास उतरतो आणि बहुतेक रोगकारक जंतूंची वाढ थांबते. आधीच तयार झालेले विष मात्र जागच्या जागी राहते. बदामाच्या दुधात आंबवण्याजोगी साखर फारच कमी असल्याने आम्लता सावकाश वाढते आणि धोक्याचा काळ लांबतो. सोयाचे दूध तर सामू ५.७ च्या सुमारासच घट्ट होऊ लागते. म्हणजे दही लागलेले दिसले तरी ते पुरेसे आंबट झालेले असेलच असे नाही. मिरचीच्या देठांवर लावलेल्या दह्यात जिवाणू थोडे आणि अनोळखी असल्यामुळे ही अनिश्चितता आणखी वाढते.

नारळाबाबत इंडोनेशियाचा अनुभव गंभीर आहे. जावा बेटावर खोबऱ्याच्या चोथ्यापासून आंबवून केल्या जाणाऱ्या ‘तेम्पे बोंग्क्रेक’ या पदार्थात बुर्खोल्डेरिया गटातील जिवाणू शिरून बोंग्क्रेकिक आम्ल हे विष तयार होई. त्याला चव वा वास नसतो आणि शिजवूनही ते जात नाही. अनेक मृत्यूंनंतर १९८८ मध्ये तेथे या पदार्थावर बंदी आली. तो पदार्थ म्हणजे दही नव्हे. तरीही सोलकढीसाठी काढलेला नारळाचा रस कोकणातील उकाड्यात तासन्‌तास उघडा राहिला असेल, तर तो आंबवण्याचा मोह टाळावा, हे त्यावरून पटावे. शेंगदाण्यांची गोष्टही अशीच: बुरशी लागलेल्या दाण्यांतील अफ्लाटॉक्सिन हे विष उकळल्याने वा विरजल्याने नाहीसे होत नाही, म्हणून काळपट, कडू दाणे भिजवण्यापूर्वीच वेचून टाकावे लागतात.

प्रत्येक बदल म्हणजे नासणे नव्हे. नारळाच्या दुधावर दाट थर येणे, बदामाच्या दुधाचा साका तळाशी बसणे किंवा गरम कॉफीत सोया दूध फुटणे हे नेहमीचेच आहे. हलवल्यावर दूध एकजीव झाले, वास ताजा असला आणि पाकिटावरील मुदत उलटली नसली, तर ते विरजता येते. याउलट फुगलेले पाकीट, तार सुटणे, कडवटपणा किंवा उकळताना गुठळ्या होणे ही दूध टाकून देण्याची लक्षणे होत. दह्यावर गुलाबी, नारिंगी किंवा केसाळ डाग दिसल्यास वरचा थर काढून उरलेले खाऊ नये आणि त्यातले पुढच्या विरजणासाठीही राखू नये.