पीपीचा जॉब सुटतोय? ग्लू बदलण्याआधी हे वाचा

सुटलेला जॉब, म्हणजे ग्लूने जोडलेले पार्ट, उजेडात धरून बघा. एका पार्टवर ग्लूचा अख्खा थर आणि पीपीची (पॉलीप्रॉपिलीन प्लॅस्टिकची) बाजू कोरी, जणू तिथे काही लावलंच नव्हतं, असं असेल तर ग्लूला दोष देऊ नका. त्याने पीपीला धरलेलंच नाही.

अळवावरचं पाणी सगळ्यांनी पाहिलंय. पीपी आणि पीईवर (पॉलिथिलीनवर) ग्लूचं तेच होतं: पसरत नाही. पृष्ठऊर्जा म्हणजे पृष्ठभाग द्रवाला किती ओढून घेतो ते, आणि ती डाईनमध्ये मोजतात. एबीएस किंवा नायलॉनसारख्या प्लॅस्टिकची पृष्ठऊर्जा 40 डाईनच्या वर, पीपी-पीईची जेमतेम 30. टेफ्लॉन तर 20 च्याही खाली. म्हणून एबीएसवर दगडासारखा बसणारा ग्लू पीपीवरून नखाने निघतो. पार्ट कशाचा आहे ते पाठीमागच्या खुणेवरून कळतं. त्रिकोणात 5 असेल तर पीपी, 2 असेल तर एचडीपीई, म्हणजे पीईचाच एक प्रकार.

यावर उपाय म्हणजे ग्लूच्या आधी लावायचा प्रायमर. आमचा प्रायमर म्हणजे हेप्टेन या द्रावकात विरघळवलेलं थोडंसं रसायन. हेप्टेन उडून जातं, रसायन पृष्ठभागावर राहतं आणि इन्स्टंट ग्लू (फेविक्विकसारखा) तिथेच पकडतो. हा फक्त इन्स्टंट ग्लूसाठी आहे. इपॉक्सीला किंवा डबल टेपला हा चालणार नाही.

आधी पार्ट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, एकाच दिशेने, कोऱ्या कापडाने. मशीनजवळ लोंबणारं फडकं नको, त्यात तेल असतं. मोल्डवर सिलिकॉन स्प्रे मारत असाल तर तो आधी बंद करा, नाहीतर पुढचं सगळं वाया. मग फक्त पीपीच्या बाजूला प्रायमरचा एक हात. एकच! भोसरीतल्या एका ग्राहकाकडे ऑपरेटर ‘पक्कं बसावं’ म्हणून दोन-तीन हात मारायचा. पार्टवर पांढरट साय दिसायची आणि जोड त्या सायीतूनच सुटायचा. ब्रश बदलून फेल्ट टिपची बाटली दिली, एक हात मारायला लावला, तक्रार थांबली. प्रायमर दिसला म्हणजे जास्त झाला.

मिनिटभर सुकू द्या. ग्लू समोरच्या पार्टवर घ्या, जोडा, दाबून धरा, पुन्हा हलवू नका. प्रायमर लावलेले पार्ट दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, त्याच शिफ्टमध्ये संपवा. ओढून बघायची घाईही नको. खरी ताकद 24 तासांनी येते.

हेप्टेन पेट्रोलसारखं पेटतं. ग्राइंडर, हीट गन लांब ठेवा, पंखा किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा. पावसाळ्यात ग्लूच्या बाटलीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने ग्लू बाटलीतच घट्ट होतो.

एक गोष्ट विक्रीच्या विरोधात जाते, तरी सांगतो. जोड सोलला जाईल असा ताण येणार असेल, किंवा पार्ट सतत वाकणार असेल, तर प्रायमर घेऊ नका. तिथे अल्ट्रासॉनिक वेल्डिंग (कंपनांनी वितळवून जोडणं) किंवा स्नॅप लॉक (खटकन अडकणारा खाचेचा जोड) बरा.

ट्रायलसाठी दहा पार्ट आणा. फक्त आमच्यासाठी म्हणून धुवून-पुसून आणू नका. मशीनमधून पडतात तसेच पिशवीत घाला.