हिवाळा सरताना बर्फातल्या वाटेवर जाण्यापूर्वी

आमच्याबरोबर ट्रेकला येणाऱ्या किंवा आमच्याकडून बर्फाचे साहित्य भाड्याने नेणाऱ्या प्रत्येकाने हे पत्रक निघण्याच्या दोन दिवस आधी वाचावे, ही विनंती. ऐन हिवाळ्यात लोक थंडीला वचकून असतात, पूर्ण तयारीनिशी येतात. पुढे दिवस मोठा होतो, उन्हात जॅकेट काढावेसे वाटते आणि तयारी सैल पडते. बर्फातली वाट मात्र याच दिवसांत सर्वांत फसवी असते.

एकाच दिवसात तीन वाटा

या मोसमात बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. आधीच्या लोकांच्या पावलांनी दाबला गेलेला बर्फ तर सर्वांत टणक होतो. त्यामुळे मळलेली वाटच पहाटे काचेसारखी गुळगुळीत असते. ऊन आले की वरचा थर किंचित मऊ होतो आणि पायाला पकड मिळते. चालायला हा सर्वांत चांगला वेळ, पण तो फार टिकत नाही. दुपारी पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. सकाळी सहज पार केलेला टप्पा परतताना दमवून टाकतो आणि बर्फाखालच्या दगडांच्या फटीत पाय अडकून मुरगळण्याची भीती असते ती वेगळीच.

म्हणूनच आदल्या रात्रीचे आकाश कसे होते, हे आम्ही सकाळी पहिल्यांदा बघतो. आकाश निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि हवा शून्य अंशाच्या थोडी वर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग गोठतो. रात्रभर ढग राहिले तर गोठण अर्धवट होते आणि दुपारची अवस्था सकाळीच येऊन ठेपते. अशा दिवशी आम्ही ट्रेक लहान करतो किंवा रद्द करतो. हवा छान दिसत असताना असे का, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे कारण हे आहे.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा हिशेब दिला: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा हिशेब चांगल्या वाटेचा आहे. बर्फात आम्ही त्याच्या दुप्पट वेळ धरतो आणि परत फिरायची वेळ निघण्यापूर्वीच ठरवतो. ती वेळ झाली की माथा समोर दिसत असला तरी आम्ही मागे वळतो. यावर कृपया आग्रह धरू नका.

काटे केव्हा चढवायचे

बुटांना अडकवायचे काटे दोन प्रकारचे. मायक्रोस्पाइक म्हणजे रबराच्या पट्ट्याला साखळ्या आणि त्यांना जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे दात. सपाट किंवा सौम्य चढाच्या वाटेला ते पुरेसे आहेत. तीव्र उतारावर मात्र ते पायाखाली सरकतात. तिथे १० किंवा १२ दातांचे क्रॅम्पॉन लागतात आणि त्यासाठी टणक तळव्याचे बूट हवेत. मऊ, वाकणाऱ्या बुटांवर क्रॅम्पॉन सैल होऊन निघतात, म्हणून अशा बुटांसाठी आम्ही ते भाड्याने देत नाही.

बहुतेक लोक घसरतात ते मोठ्या चढणीवर नव्हे. वाट कोरडी पडलेली असते, ऊन लागत असते, आणि एका सावलीतल्या वळणावर चार-पाच पावलांचा बर्फ उरलेला असतो. एवढ्यासाठी कशाला थांबायचे, असे वाटते. त्याच जागी खाली उतार मोकळा असतो. काटे बर्फावर पोहोचण्यापूर्वी, सपाट जागी उभे राहून चढवावेत. बर्फावर गेल्यावर एका पायावर तोल सांभाळत ते बांधणे फार अवघड होते.

टणक बर्फावर घसरलेला माणूस क्षणात वेग घेतो आणि गुळगुळीत वॉटरप्रूफ पँटमुळे तो वेग आणखी वाढतो. आइस ॲक्सने, म्हणजे बर्फात रोवायच्या लहान कुऱ्हाडीने, स्वतःला थांबवता येते, पण पहिल्या एक-दोन सेकंदांतच. त्यामुळे तिचा सराव न केलेल्याला आम्ही आइस ॲक्स नुसती हातात देत नाही. खाली मोकळी सपाटी असलेल्या सुरक्षित उतारावर आधी सराव करून घेतो.

वरचा उतार आणि खालचे पाणी

हिमस्खलन बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुरू होते. तुमची वाट सपाट असली तरी वर असा उतार असू शकतो. ऊन तापल्यावर बर्फाचे लहान गोळे आपोआप घरंगळू लागले, तर वरचा थर ओला होऊन सुटू लागला आहे असे समजावे आणि त्या उताराखालून दूर व्हावे. हिमस्खलनाचा इशारा १ ते ५ या पट्टीवर दिला जातो. ३ हा आकडा मधोमध असल्याने तो साधारण वाटतो, पण त्या दिवशीचा धोका गंभीर असतो. ३ किंवा त्याहून वरचा इशारा असेल तर आम्ही तीव्र उतारांच्या वाटा घेत नाही.

डोंगराच्या धारेवर वाऱ्याने साचलेला बर्फ कड्याबाहेर छज्ज्यासारखा लोंबतो आणि तुटताना अंदाजापेक्षा बराच आतून तुटतो. फोटोसाठी कडेला जाऊ नका. ओढ्यावरचा बर्फ खालून वाहत्या पाण्याने पोखरलेला असतो. तो ओलांडायचाच तर सकाळी, आणि एका वेळी एकाच माणसाने.

अंगावर आणि सॅकमध्ये

सुती कपडे नकोत, ते घाम धरून ठेवतात. उणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २१ इतकी थंडी जाणवते, म्हणून वारा अडवणारे जॅकेट आणि हातमोज्यांचा जादा जोड हवाच. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परावर्तित करतो. गॉगल नसेल तर डोळ्यांची आग काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते. पाण्याची बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळे राहते. फोन आतल्या खिशात ठेवा. हेडटॉर्च लहान ट्रेकलाही हवी.

सोबतचा माणूस अडखळू लागला, बोलणे जड झाले, जॅकेटची चेन लावता येईना, तर तो दमला आहे म्हणून सोडून देऊ नका. शरीराचे तापमान घसरत असल्याची ही लक्षणे आहेत. त्याला वाऱ्याआड न्या, ओले कपडे बदला, शुद्धीत असेल तर गरम आणि गोड प्यायला द्या, आणि लगेच लीडरला सांगा. कुडकुडणे आपोआप थांबले तर स्थिती बिघडते आहे. बधिर, पांढरी पडलेली बोटे चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही.

मदतीसाठी शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटात सहा खुणा, मग एक मिनिट विश्रांती, आणि पुन्हा तेच. उत्तर मिनिटाला तीन खुणांनी येते.

साहित्य न्यायला येताना ट्रेकला घालणार आहात तेच बूट आणि तेच हातमोजे घेऊन या. काटे आमच्यासमोर, हातमोजे घालूनच, दोनदा चढवून-काढून बघा. पट्टा कुठे अडतो, बूट किती हलतो, हे तिथेच कळते आणि लागल्यास आम्ही लगेच दुसरा जोड देऊ शकतो.